प्रोटोबफच्या जनरेटेड कोडचं मेमरीतलं वजन कसं उतरवावं?

लोअरपरेली | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, गो ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांकडून सल्ला हवाय, बाकीच्यांचंही स्वागत.

आमची एक सर्व्हिस आहे. शेअर बाजाराचे भाव दुसऱ्या सर्व्हिसकडून प्रोटोबफ मेसेजच्या रूपात येतात. (प्रोटोबफ म्हणजे ठरलेल्या साच्यातली, म्हणजे स्कीमातली, माहिती बाइटमध्ये बांधून पाठवायची पद्धत; त्या स्कीमावरून तिचं टूल जो कोड लिहून देतं तो जनरेटेड कोड.) ही सर्व्हिस ते उलगडते, दर मिनिटाला प्रत्येक कॉन्ट्रॅक्टचा एक स्नॅपशॉट मेमरीत ठेवते आणि चार्ट काढणाऱ्यांना तिथूनच उत्तर देते. बाजार बंद झाला की सगळं डिस्कवर जातं. शेअर, फ्युचर, ऑप्शन धरून कॉन्ट्रॅक्ट लाखभर.

मेसेज असा: टोकन, म्हणजे कॉन्ट्रॅक्टचा क्रमांक (यूइंट३२), शेवटचा भाव, ओपन, हाय, लो, क्लोज, व्हॉल्यूम, ओपन इंटरेस्ट हे सात इंट६४ (६४ बिटांचे पूर्णांक), भाव पैशांत, ट्रेडिंग थांबलंय का याचा एक बूल (हो किंवा नाही), सिम्बॉलची स्ट्रिंग, आणि वेळेसाठी प्रोटोबफचा तयार टाइमस्टॅम्प. सातही आकडे ऑप्शनल आहेत, कारण ‘शून्य’ आणि ‘आलंच नाही’ यांत फरक करावा लागतो.

वायरवर, म्हणजे नेटवर्कवरून येताना, हा मेसेज साठ-पासष्ट बाइटचा आहे. पण दुपारी दोनच्या सुमारास मेमरी संपते आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आमची प्रोसेस मारून टाकतो. बाजार चालू, चार्ट रिकामे, आणि मग फोनवर फोन. वरिष्ठांचं म्हणणं, मोठं मशीन घ्या. मला आधी कळून घ्यायचंय की मेमरी खातंय कोण. जनरेटेड फाइलच्या डोक्यावर ‘हात लावू नका’ असं लिहिलेलं असतं, मग आपल्या हातात उरतं काय?

खटपट्या | सोमवार, रात्री ११:०५

सोपंय. सगळ्या फील्डचे नंबर १ ते १५ मध्ये आणा, फील्डची ओळख सांगणारा टॅग एका बाइटमध्ये बसतो. इंट६४ चे इंट३२ करा. व्हेरिंट (आकड्याच्या मापाप्रमाणे कमी-जास्त बाइट घेणारी मांडणी) असल्यामुळे लहान आकडे आपोआप लहान होतात. आम्ही एवढं करून निम्मी बँडविड्थ वाचवली होती.

काकू_कंपायलर | सोमवार, रात्री ११:३२

खटपट्या, तुम्ही सांगताय ते वायरचं. धागाकर्त्याचं दुखणं मेमरीतलं आहे. व्हेरिंट फक्त प्रवासात असतो. एकदा मेसेज उलगडला की इंट६४ म्हणजे पुरते आठ बाइट, मग त्यात ५ असो की ५ कोटी. फील्ड नंबरचा तर मेमरीतल्या आकाराशी काही संबंधच नाही.

लोअरपरेली, तुमच्या मेसेजचा हिशोब मांडते. ६४ बिटचं मशीन, गोचा नेहमीचा ओपन स्ट्रक्ट कोड (स्ट्रक्ट म्हणजे फील्डचा गट, ओपन म्हणजे फील्ड थेट उघडी).

प्रत्येक जनरेटेड स्ट्रक्टमध्ये तुम्ही न मागितलेल्या तीन गोष्टी असतात. एक स्टेट, म्हणजे मेसेजच्या माहितीकडे जाणारा पॉइंटर (मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा पत्ता), ८ बाइट. दुसरा साइझ कॅश, ४ बाइट, पण अलाइनमेंटमुळे (पुढचं आठाच्या पटीतल्या जागी बसवावं लागतं) ८ धरा. तिसरी अनोळखी, म्हणजे आपल्या स्कीमात नसलेल्या, फील्डची स्लाइस (गोमधली यादी). ती रिकामी असली तरी स्लाइसचा हेडर २४ बाइट खातोच. झाले ४०, आणि अजून तुमचा एकही आकडा आत आलेला नाही.

पुढे टोकन ४, अलाइनमेंटसकट ८. सात ऑप्शनल आकडे म्हणजे सात पॉइंटर, ५६. बूल १, अलाइनमेंटसकट ८. स्ट्रिंगचा हेडर १६. टाइमस्टॅम्पचा पॉइंटर ८. एकूण १३६. गोचा अलोकेटर ठरलेल्या मापांतच जागा देतो, १२८ नंतरचं माप १४४. म्हणून १४४.

आता हे पॉइंटर जिथे बोट दाखवतात ती जागा. सात इंट६४ हीपवर (प्रोग्रॅम चालताना लागेल तशी मागून घेतो त्या मेमरीत) वेगवेगळे, ५६ बाइट. टाइमस्टॅम्प हाही एक मेसेजच, त्यामुळे त्याचे स्वतःचे ४० आणि सेकंद-नॅनोसेकंदांचे १६ मिळून ५६, माप ६४ चं. सिम्बॉल सतरा-अठरा अक्षरी धरला तर २४.

१४४ + ५६ + ६४ + २४ = २८८.

वायरवर साठ, मेमरीत २८८. यात लीक (काम संपूनही न सुटलेली मेमरी) कुठेच नाही, जनरेटेड कोडचा स्वभावच असा आहे. तो कुणाच्याही स्कीमाला, कुठल्याही आवृत्तीशी जुळवून घेत चालायला हवा, त्याची ही किंमत.

एक बारीक गोष्ट राहिली. १६ बाइटपेक्षा लहान आणि आत पॉइंटर नसलेल्या वस्तू गो एकाच १६ बाइटच्या ठोकळ्यात जोडून ठेवतो. तुमचे दोन-दोन आकडे असे एका ठोकळ्यात राहतात, आणि त्यातला एक जरी वापरात असला तरी अख्खा ठोकळा सुटत नाही.

वडाळा_डेपो | सोमवार, रात्री ११:५०

काकू, दंडवत. वाचनखूण साठवली.

पुढचं गणित मी करतो. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे ३७५ मिनिटं. एक लाख गुणिले ३७५ म्हणजे पावणेचार कोटी स्नॅपशॉट, गुणिले २८८, झाले १०.८ जीबी. गोमध्ये जीओजीसी (न लागणारी मेमरी उचलणारा जीसी कधी धावायचा ते ठरवणारी सेटिंग) १०० वर असेल तर जिवंत, म्हणजे वापरात असलेल्या, हीपच्या दुप्पट होईपर्यंत कचरा उचलायला गाडी येत नाही. म्हणजे जिवंत हीप ८ जीबीला पोचला की प्रोसेस १६ जीबीच्या उंबऱ्यावर. १०.८ पैकी ८ हा टप्पा साधारण २७८ व्या मिनिटाला येतो, घड्याळात दोनला पाच-सात मिनिटं कमी.

धागाकर्ते, तुमचं मशीन १६ जीबीचं आहे ना?

लोअरपरेली | मंगळवार, सकाळी ८:१२

१६ जीबीच! लोकलमध्ये वाचतोय आणि शेजारचे काका बघतायत की हा एकटा का हसतोय.

पण एक कोडं आहे. पीप्रॉफ या गोच्या मोजमापाच्या टूलमध्ये हीप सात-आठ जीबी दिसतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम चौदा-पंधरा म्हणते. म्हणून तर आम्ही लीक शोधत बसलो होतो.

वडाळा_डेपो | मंगळवार, सकाळी ८:३०

पीप्रॉफचा हीप प्रोफाइल शेवटच्या पूर्ण झालेल्या जीसीच्या वेळचं चित्र दाखवतो. त्यानंतर साठलेला कचरा त्यात येत नाही. कर्नलच्या हिशोबात तो येतो, आणि मारणारा कर्नल असतो.

आजचा दिवस काढायचा असेल तर गोमेमलिमिट, म्हणजे गोच्या मेमरीची मर्यादा, १४ जीबीवर लावा. गो १.१९ पासून, म्हणजे २०२२ पासून ही सोय आहे. मर्यादा जवळ आली की दुपटीची वाट न बघता जीसी आधीच धावतो. तुमचा जिवंत हीप शेवटी १०.८ असल्यामुळे साडेतीनपर्यंत तग धरेल. शेवटच्या तासात जीसी सारखा धावेल आणि सीपीयू चढेल, ते सोसावं लागेल. हा उपाय आजच्यापुरता, धाग्याचा प्रश्न तिथेच राहतो.

जुना_जावावाला | मंगळवार, दुपारी १:१५

जावातही हेच रडगाणं होतं. थ्रिफ्ट या प्रोटोबफसारख्याच टूलच्या जुन्या ०.८ आवृत्तीचा जावा कोड कुणी उघडला असेल तर आठवेल: कुठलं फील्ड भरलंय याची नोंद ठेवायला प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये एक बिटसेट असायचा. ऐकायला काटकसरी वाटतं. प्रत्यक्षात बिटसेट हे एक ऑब्जेक्ट, २४ बाइटचं, आणि त्याच्या आत लाँगचा अ‍ॅरे, तोही किमान २४ चा. तीन-चार बिटांसाठी ४८ बाइट! ०.९ मध्ये जनरेटर बदलला आणि त्या जागी साधी एक बाइट आली. स्कीमा तोच, वापरणाऱ्याचा कोड तोच. आमच्या तेव्हाच्या ऑफिसात फक्त कंपायलर बदलून हीप लक्षात येण्याइतका उतरला होता.

सांगायचा मुद्दा, जनरेटेड फाइलला हात लावू नये हे खरं, पण जनरेटरला लावता येतो. त्याची आवृत्ती, त्याचे पर्याय, त्याचे बदल लोक वाचतच नाहीत.

जावावाल्यांसाठी जाता जाता: सतरा अक्षरी इंग्रजी सिम्बॉल जावा ८ मध्ये ८० बाइट घेतो (२४ ची स्ट्रिंग, ५६ चा कॅरॅक्टर अ‍ॅरे). जावा ९ पासून अशी स्ट्रिंग आतून बाइट अ‍ॅरे ठेवते, तिथे ६४. आणि जेडीके २५ मध्ये ऑब्जेक्टचा हेडर १२ वरून ८ बाइटवर आणायचा पर्याय अधिकृत झालाय, तो मुद्दाम चालू करावा लागतो. लहान लहान मेसेजचे ढीग असतील त्यांनी जरूर बघावा. अंदाजावर जाऊ नका, जेओएल नावाचं टूल प्रत्येक क्लासचा बाइटवार नकाशा छापून देतं.

खटपट्या | मंगळवार, दुपारी १:४०

काकूंचं मान्य, मी वायरवर अडकलो होतो. मग सरळ ऑप्शनलच काढा की! प्रोटो३ (प्रोटोबफच्या स्कीमाच्या भाषेची तिसरी आवृत्ती) मध्ये साधं इंट६४ लिहिलं की पॉइंटर जातो, आकडा स्ट्रक्टमध्येच बसतो. वायरवरचा साचा बदलत नाही. ‘आलंच नाही’साठी -१ ठेवा. भाव काही उणे होत नाही.

माहीमची_खाडी | मंगळवार, दुपारी २:०५

उणे होत नाही? एप्रिल २०२० आठवा. एमसीएक्स या कमोडिटी बाजारात कच्च्या तेलाचा एप्रिलचा करार उणे २,८८४ रुपये प्रति बॅरलला सेटल झाला होता. तेव्हा किती ठिकाणी ‘भाव शून्याहून मोठा असतो’ हे गृहीतक कोडमध्ये पुरलेलं सापडलं, ते त्या रात्री जागलेल्यांना विचारा.

शिवाय प्रोटोबफमध्ये उणे इंट३२ असो वा इंट६४, वायरवर १० बाइट घेतो. उणे आकडे नेहमीचे असतील तर सिंट हा पूर्णांकाचा प्रकार वापरायचा, तो झिगझॅग करून (उणे-अधिक आकडे आलटून-पालटून मोजून) लहान ठेवतो. म्हणजे जागा वाचवायला ठेवलेला -१ वायरवर सगळ्यात महाग.

काकू_कंपायलर | मंगळवार, रात्री ९:२०

खाडीशी सहमत. आहे-नाही ही माहिती खरी आहे, ती फेकू नका. फक्त ती पॉइंटरमध्ये कोंबायची गरज नाही, एका बिटाचं काम आहे ते.

आणि गोच्या प्रोटोबफ टीमने नेमकं हेच केलंय. डिसेंबर २०२४ मध्ये ओपेक एपीआय आलं. त्यात स्ट्रक्टची फील्ड लपलेली असतात, वाचायला गेटर, लिहायला सेटर. फील्ड लपवल्यामुळे जनरेटरला आतली मांडणी बदलायची मोकळीक मिळाली. आकडे स्ट्रक्टमध्येच राहतात आणि कुठले भरलेत ते वेगळ्या बिटांत. तुमच्या सात आकड्यांचे बाहेरचे ५६ बाइट आणि प्रत्येक मेसेजमागची सात अलोकेशन गेली. वायर तीच, स्कीमातली फील्ड तीच.

एक अपेक्षा ठेवू नका: ऑप्शनल स्ट्रिंगसाठी ओपेकमध्येही पॉइंटरच असतो. फायदा आकडे, बूल, ईनम (ठरलेल्या पर्यायांतला एक) यांना.

कोड बदलायला ओपन२ओपेक नावाचं टूल आहे, आणि मधल्या काळासाठी हायब्रिड पर्याय, ज्यात जुनी पद्धत आणि गेटर-सेटर दोन्ही चालतात. एका दमात सगळी रिपॉझिटरी बदलावी लागत नाही.

दुसरं, तो टाइमस्टॅम्प काढा. इपॉकपासूनचे (१ जानेवारी १९७० पासूनचे) नॅनोसेकंद इंट६४ मध्ये २२६२ सालापर्यंत मावतात. आठ बाइटच्या पॉइंटरच्या जागी आठ बाइटचा आकडा, आणि ६४ चं माप वाचलं. तुमच्या यादीतला सगळ्यात स्वस्त बदल हाच. (नवीन फील्डला नवा नंबर द्या, जुना नंबर रिझर्व्हड करून ठेवा. जुन्याच नंबरवर प्रकार बदलाल तर वेगळा धागा काढावा लागेल.)

सिम्बॉल प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये कशाला? टोकन आहे ना. टोकनवरून सिम्बॉल शोधायचा एकच मॅप ठेवा. बाकी कुठे स्ट्रिंग ठेवावीच लागली तर गो १.२३ पासून युनिक पॅकेज आहे, एकाच मजकुराच्या हजार प्रती होत नाहीत.

एवढं केलंत की २८८ चे साधारण १२८ होतात.

बेलापूर_बीटबॉक्स | मंगळवार, रात्री ९:५५

सिंक पूलबद्दल (वापरून झालेल्या वस्तू परत घेऊन पुन्हा द्यायची गोची सोय) कुणीच कसं बोललं नाही? व्हीटीप्रोटोबफ जनरेटर पूलसकट कोड काढून देतो. आम्ही हेच वापरतो.

काकू_कंपायलर | मंगळवार, रात्री १०:१०

पूल हा येऊन-जाऊन असलेल्या मेसेजसाठी. रिक्वेस्ट आली, उलगडली, उत्तर दिलं, परत केला. इथे पावणेचार कोटी मेसेज संध्याकाळपर्यंत मुक्कामाला आहेत, ते पूलमध्ये परत कधी जाणार?

व्हीटीप्रोटोबफमध्ये स्ट्रिंगची प्रत न करता मूळ बफरकडेच बोट दाखवायचाही एक अनसेफ पर्याय आहे. उलगडून लगेच टाकून देणाऱ्यांना तो छान. साठवणाऱ्यांनी मुळीच वापरू नये. सतरा अक्षरांच्या सिम्बॉलसाठी अख्खा नेटवर्क बफर जिवंत राहतो.

तिकीट_मशीन | मंगळवार, रात्री ११:१५

तुम्ही लोक जीबीत बोलताय, आमच्याकडे रॅम किलोबाइटमध्ये मोजतात. बसमध्ये कंडक्टरच्या हातात असतं तसल्या यंत्रांचं फर्मवेअर लिहितो. तिथे नॅनोपीबी, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीचा प्रोटोबफ. डायनॅमिक अलोकेशन न करता चालतो, प्रत्येक स्ट्रिंगची आणि रिपीटेड फील्डची कमाल मर्यादा आधी पर्यायांच्या फाइलमध्ये लिहायची.

यातला खड्डा वनऑफचा. वनऑफ म्हणजे अनेक फील्डपैकी एका वेळी एकच; कोडमध्ये ते सी मधलं युनियन, आणि युनियन सगळ्यात मोठ्या सदस्याएवढं होतं. एका सहकाऱ्याने क्वचित येणाऱ्या ‘दरपत्रक’ मेसेजमध्ये कमाल संख्या शंभर लिहिली, आणि दहा बाइटच्या ‘तिकीट फाडलं’ या मेसेजनेही शंभर ओळींची जागा अडवायला सुरुवात केली. शेवटी दरपत्रक कॉलबॅकवर टाकलं, एकेक ओळ आली की वापरायची आणि सोडून द्यायची.

अवांतर झालं, पण जनरेटेड कोडचं वजन हाच विषय आहे म्हणून लिहिलं.

वडाळा_डेपो | बुधवार, सकाळी ७:५०

अवांतर कसलं, वाचतोय.

मला वेगळंच विचारायचंय. १२८ वर तरी का थांबायचं? स्नॅपशॉट जनरेटेड स्ट्रक्टमध्ये ठेवायची सक्ती कुणी केली? बाजारातून आणलेली भाजी पिशवीसकट फ्रिजमध्ये कोंबण्यासारखं आहे हे. मेसेज प्रवासासाठी आहे. आत आला की आपल्या स्ट्रक्टमध्ये ओतायचा आणि मेसेज सोडून द्यायचा.

भाव पैशांत आहेत, तर इंट३२ मध्ये दोन कोटी चौदा लाख रुपयांपर्यंत मावतात. एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये लाखापलीकडे गेला तेव्हा केवढी बातमी झाली होती; इथे त्याच्याही दोनशे पट जागा आहे. पाच भाव २०, व्हॉल्यूम ८, ओपन इंटरेस्ट ८, वेळ ८, टोकन ४, आहे-नाहीचे सात बिट एका बाइटमध्ये, बूल एक. पन्नास बाइट, अलाइनमेंटने ५६. मोठी फील्ड आधी आणि लहान नंतर लिहा, कारण गो कंपायलर फील्डचा क्रम स्वतःहून बदलत नाही.

खरी मजा पुढे. या स्ट्रक्टमध्ये एकही पॉइंटर नाही, त्यामुळे त्याची स्लाइस जीसी आत शिरून बघतच नाही. आज तुमच्या एकेका मेसेजमध्ये त्याला अकरा पॉइंटरच्या जागा तपासाव्या लागतात, पावणेचार कोटी वेळा. १०.८ जीबीचे २.१ होतील हे आहेच, पण शेवटच्या तासातली जीसीची धावपळही जवळजवळ संपेल.

बेलापूर_बीटबॉक्स | बुधवार, सकाळी ९:३०

मग प्रोटोबफऐवजी फ्लॅटबफर्सच का नको? उलगडायची भानगडच नाही, आले तसे वाचायचे.

वडाळा_डेपो | बुधवार, सकाळी ९:४२

दोन्ही टोकं तुमच्या ताब्यात असतील तर जरूर. इथे पाठवणारी सर्व्हिस दुसऱ्या टीमची दिसते. त्यांना वायर बदलायला लावण्यापेक्षा चाळीस ओळींचं फंक्शन लिहिलेलं परवडतं.

फोर्टचा_दाजी | बुधवार, दुपारी ४:१०

मी प्रोग्रॅमर नाही, चार्ट बघणाऱ्यांपैकी आहे. भावाने धागा पाठवला म्हणून वाचला. तुमचे बाइट मला कळले नाहीत, पण एक विचारतो. ऑप्शनच्या दूरच्या स्ट्राइकला (चालू भावापासून लांबच्या ठरलेल्या भावाला) तासन्तास, कधी दिवसभर, एकही व्यवहार होत नाही. त्यांचा तोच भाव तुम्ही ३७५ वेळा का लिहून ठेवताय?

काकू_कंपायलर | बुधवार, दुपारी ४:२५

दाजी, तुम्ही आम्हा सगळ्यांची शाळा घेतलीत.

लोअरपरेली, मागच्या मिनिटापेक्षा काही बदललं असेल तरच ओळ लिहा. वाचताना त्या मिनिटाची ओळ नसेल तर आधीची शेवटची घ्या. ओळी वेळेच्या क्रमाने असल्यामुळे बायनरी सर्चने मिळते. तुमच्या डेटात किती टक्के ओळी उडतील ते तुम्हीच मोजा, पण लाखभर कॉन्ट्रॅक्टमध्ये ऑप्शनच जास्त असणार.

जुना_जावावाला | बुधवार, सायंकाळी ६:००

एक धोका राहिलाय, अनोळखी फील्डचा. पाठवणाऱ्या टीमने मेसेजमध्ये नवीन फील्ड घातलं, समजा बोली-मागणीच्या पाच-पाच पातळ्या, आणि तुमच्याकडे जुना स्कीमा असला, तर प्रोटोबफ ते बाइट फेकत नाही, जपून ठेवतो. प्रोटो३ सुरुवातीला फेकायचा, ३.५ आवृत्तीपासून पुन्हा जपायला लागला. तुमच्या कोडमध्ये काहीही न बदलता तुमचा हीप फुगतो आणि सगळे तुमचंच कालचं रिलीज तपासत बसतात. आम्ही भोगलंय हे.

मेसेज पुढे पाठवायचा नसेल तर उलगडतानाच अनोळखी फील्ड टाकून द्यायचा पर्याय लावा. २४ बाइटचा रिकामा हेडर राहील, आतला माल राहणार नाही.

लोअरपरेली | रविवार, सकाळी ११:२०

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहितो, पुढे कुणाला लागेल.

मंगळवारी गोमेमलिमिट लावून साडेतीन गाठले. मग वडाळा_डेपोंचं ५६ बाइटचं स्ट्रक्ट आणि दाजींचा ‘बदललं तरच लिहा’ हे दोन्ही घेतलं. शुक्रवारी बाजार बंद होताना जिवंत हीप एक जीबीच्या आत होता. मोठ्या मशीनची मागणी मागे घेतली.

ओपेक एपीआय आम्ही घेतलं नाही. साठवणीतून जनरेटेड स्ट्रक्टच गेल्यावर उरलेले मेसेज क्षणभराचे पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी दोन टीमचा कोड हलवण्याइतका फायदा दिसला नाही. मेसेज स्वतःच साठवणाऱ्यांना ते करावं लागेल. टाइमस्टॅम्पही तसाच ठेवलाय, पाठवणाऱ्यांना विचारायची वेळच आली नाही.

आता राहिलेली चिंता. मेसेजमधून स्ट्रक्टमध्ये ओतणारं फंक्शन हाताने लिहिलंय. उद्या कुणी स्कीमात फील्ड वाढवलं आणि इथे विसरलं, तर कंपायलर एक शब्द बोलणार नाही.

काकू_कंपायलर | रविवार, दुपारी १२:०५

टेस्ट लिहा. प्रोटोरिफ्लेक्टने (कोड चालताना स्कीमा वाचायचं पॅकेज) मेसेजच्या डिस्क्रिप्टरमधली, म्हणजे वर्णनातली, सगळी फील्ड फिरून या. प्रत्येक फील्डचं नाव ‘ओततो’ किंवा ‘मुद्दाम सोडतो’ यांपैकी एका यादीत हवंच, नसेल तर टेस्ट नापास. ‘सोडतो’ यादीत प्रत्येक नावापुढे कारण लिहायची सक्ती करा. सिम्बॉल तिथे जाईल, कारण: टोकनवरून मिळतो.

आणि भाव इंट३२ मध्ये ओतताना मर्यादेची तपासणी टाका. मावला नाही तर लॉगमध्ये ओरडू दे, गुपचूप कापू नका. गोमध्ये इंट६४ चा इंट३२ करताना वरचे बिट न सांगता जातात.

लोअरपरेली | रविवार, दुपारी १२:३०

दोन्ही उद्या बाजार उघडायच्या आधी टाकतो. टेस्टचा कोड नीट झाला की इथेच डकवेन.